परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण : एक विचार

न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत केवळ झालेल्या कार्याचा आढावा असू नये, पुढे करावयाच्या कार्याचाही विचार असावा, या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे. खकनार, देडतलाई, तुकईथड आणि आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ मुली आता बारावी झाल्यावर नर्सिंगला जाऊ इच्छितात. त्यांचे पालक विचारतात, कोर्स कोणता चांगला, कॉलेज कोणते, फी किती आणि नोकरी लागेल काय? हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु यांच्या आधीचा एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. या मुलीच्या हाताला नेमके काय यावयास पाहिजे आणि ते तिला कोण शिकविणार? या लेखात आम्ही प्रथम या प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्याचे उत्तर नीट मिळाले म्हणजे बाकीच्यांची उत्तरे सोपी होतात.

आपल्याच जिल्ह्यातील एक मृत्यू

१६३१ सालच्या जून महिन्यात शहाजहान बादशहाची बेगम मुमताज महल बुऱ्हाणपुरात बाळंत झाली. ते तिचे चौदावे बाळंतपण. मूल जगले, आई गेली. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने तिचा अंत झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तापीपलीकडे जैनाबाद येथे तिला प्रथम दफन करण्यात आले आणि पुढे आग्र्याला नेण्यात आले. ताजमहाल पाहावयास सारे जग जाते. पण ज्या कारणाने तो बांधावा लागला ते कारण आपल्या जिल्ह्यात घडले, याची आठवण थोड्यांना असते.

बादशहाच्या छावणीत द्रव्य कमी नव्हते, हकीम कमी नव्हते, दासीही कमी नव्हत्या. मग कमी काय होते? वाहणारे रक्त कसे थांबवावे याचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते. आज ते ज्ञान आहे, औषध आहे आणि ते औषध फार महागही नाही. म्हणून आज एखादी बाई त्याच कारणाने गेली, तर तो दैवाचा भाग म्हणून सोडून देता येत नाही. शिकलेला हात वेळेवर पोहोचला नाही, असेच बहुधा म्हणावे लागते.

थोडे आकडे पाहू. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांची संख्या देशात ९७ होती. महाराष्ट्रात ती ३३ होती, तर आपल्या मध्य प्रदेशात १७३. त्यानंतर देशाचा आकडा आणखी खाली आला आहे, तरी या दोन राज्यांमधील अंतर मोठेच राहिले आहे. आपण सीमेवर राहतो. देडतलाईहून पुढे धारणीला जाणारा रस्ता धरला की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो. अलीकडे आणि पलीकडे आपलीच माणसे आहेत, कोरकू बांधवही दोन्हीकडे आहेत. मेळघाटातील हालही काही कमी नाहीत, हे आम्ही जाणतो. राज्याची सरासरी म्हणजे प्रत्येक खेड्याची स्थिती नव्हे. रस्ते, रक्तपेढी, अन्न, लग्नाचे वय अशी या अंतराची अनेक कारणे आहेत. परंतु खाटेशेजारी उभी असलेली परिचारिका किती शिकलेली आहे, हे त्यांतील एक मोठे कारण होय. आणि हे कारण असे आहे की, त्यावर आपल्यासारख्या लहान संस्थेलाही काही करता येते.

धुतलेल्या हातांची गोष्ट

सुईणीचे काम म्हणजे कमी विद्येचे काम, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे. त्याला छेद देणारी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रिया देशातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने पुष्कळ बायका मरत, सुइणींच्या विभागात त्या मानाने थोड्या. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने याचे कारण शोधले. विद्यार्थी शवचिकित्सा करून तसेच प्रसूतीच्या खोलीत येत, सुइणींचा शवांशी संबंध नसे. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण काही आठवड्यांतच शेकडा २ च्या आसपास आले.

यातून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, मोठी पदवी म्हणजे सुरक्षित हात असे समीकरण नाही. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा. सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या काळच्या पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनी मानले नाही, कारण शिकून झाल्यावर पुन्हा शिकावयाची त्यांची तयारी नव्हती. ज्याचे शिकणे थांबले त्याचे चुकणे सुरू झाले, असे या विद्येत समजावे.

आपल्याकडील प्रारंभ

या देशात स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि त्यातून स्त्रियांची रुग्णालये व परिचारिकांचे शिक्षण यांना चालना मिळाली. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. वयाच्या चौदाव्या वर्षी आपले दहा दिवसांचे मूल गेल्याचे दुःख त्यांनी सोसले होते. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती; परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचे निधन झाले.

पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदनाचे काम उभे केले. तेथील स्त्रिया, विशेषतः विधवा, ससून रुग्णालयात परिचर्येचे व सुईणपणाचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावावयाचा, रात्रपाळी करावयाची, या गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा घरांना पटण्यासारख्या नव्हत्या. निंदा पुष्कळ झाली. पण जिला घरात कोपऱ्यात बसावे लागत होते ती बाई आपल्या पायावर उभी राहिली आणि तिच्यामुळे दुसऱ्या कोणाचा जीव वाचला, हा दुहेरी लाभ लोकांना दिसू लागला तशी निंदा कमी झाली. सामाजिक न्यास काय करू शकतो, याचे हे जुने व नामी उदाहरण आहे.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा सुमारे ३० कोटी लोकसंख्येला शिकलेल्या परिचारिका अवघ्या ७,००० आणि सुइणी ५,००० असा हिशेब त्या समितीने मांडला. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्यानंतर थोड्याच काळात खेड्यांसाठी दोन वर्षांत तयार होणारी सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे आपण जिला एएनएम किंवा नुसते नर्सबाई म्हणतो ती, कामावर येऊ लागली.

पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर या नर्सबाईवर लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचे रोग अशी अनेक कामे सोपविण्यात आली. १९७७ साली तिचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा करण्यात आला. कामे वाढली आणि शिक्षण घटले. त्यात प्रसूतीच्या शिक्षणाचा भाग आकसला. अलीकडे तो अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आहे. पण मधल्या पिढ्यांना जे कमी मिळाले ते नोकरीत असताना भरून काढावे लागले. म्हणून आमच्या बहिणींच्या कामातील उणिवा मोजताना त्यांना शिकविले किती, हेही मोजले पाहिजे.

कोणता अभ्यासक्रम कोणासाठी

पालकांच्या सोयीसाठी थोडक्यात सांगतो. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, केवळ मुलींसाठी. बारावी कोणत्याही शाखेची चालते. उपकेंद्रावर काम करण्यासाठी तो आहे. सरकारी मानाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० व आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावयाचे असते. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा रुग्णालयातील स्टाफ नर्सच्या कामासाठी होय. बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळविता येते आणि त्यानंतर एम. एस्सी. करून शिक्षिका होता येते.

याखेरीज केंद्र सरकारने २०१८ साली प्रसविका सेवेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांप्रमाणे अनुभवी परिचारिकेला अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन साध्या बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी घेऊ शकणारी प्रसविका तयार करावयाची आहे. जी मुलगी आज एएनएम वा जीएनएम होते तिच्यापुढे रस्ता बंद नाही, हे तिला आणि तिच्या सासरच्यांना ठाऊक असावे. लग्न ठरविताना मुलीच्या पुढील शिक्षणाची बोलणी करावी, असे आम्ही मुद्दाम सुचवितो.

नोकरीनंतरचे शिक्षण

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पुष्कळांची समजूत अशी असते की, परीक्षा झाली, नोंदणी झाली, नोकरी लागली, शिक्षण संपले. स्वयंपाक एकदा आला की विसरत नाही, तसेच हेही आहे असे वाटते. पण दोहोंत फरक आहे. स्वयंपाक रोज होतो. बाळंतपणातील संकट रोज येत नाही. लहान केंद्रावरील नर्सबाईच्या हातून होणारी बहुतेक बाळंतपणे सुखरूप पार पडतात. झटके येणारी बाई किंवा न रडणारे मूल तिला अनेक महिन्यांतून एखादे वेळी दिसते. जे क्वचित घडते ते हात विसरतात. आणि घडते तेव्हा पुस्तक उघडून पाहावयास वेळ नसतो. म्हणून असे प्रसंग खोटे खोटे उभे करून, बाहुलीवर सराव करून, हाताची सवय कायम ठेवावी लागते. पलटणीतील शिपाई लढाई नसतानाही कवाईत करतो, त्याप्रमाणेच हे आहे.

रक्तस्रावाचेच उदाहरण घ्या. मूल जन्मल्यावर पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनच्या १० युनिटचे इंजेक्शन द्यावयाचे. वार पूर्ण पडली की नाही हे उलटसुलट करून पाहावयाचे. गर्भाशय हाताला घट्ट लागते की नाही हे पुनःपुन्हा तपासावयाचे. हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते कपाटात पडून राहिले तर त्याचा गुण कमी होतो. म्हणजे इंजेक्शन टोचता येणे पुरेसे नाही, फ्रीज चालू आहे की नाही हे पाहणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

यातही नवे काही येतच असते. रक्त किती गेले हे पूर्वी नजरेने ठरवीत आणि नजर बहुधा कमी धरी. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांवर बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावावयाची आणि रक्तस्राव दिसताच सर्व उपाय एकामागून एक नव्हे तर एकदम सुरू करावयाचे, एवढाच त्यातील बदल. त्याने गंभीर रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शेकडा ६० नी घटले. जी परिचारिका २०२३ च्या आधी शिकून बाहेर पडली तिला हे कोणी सांगितले नाही, तर ती जन्मभर नजरेनेच मोजीत राहील.

मुलाच्या बाबतीतही तेच. न रडणाऱ्या मुलाला पहिल्या मिनिटातच कोरडे करून, अंग चोळून, गरज पडल्यास पिशवी व मास्कने श्वास द्यावयाचा असतो. ही कला व्याख्यानाने येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ नी कमी झाले. नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून अल्पशिक्षित खेडुत स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या दोन्ही ठिकाणी एकदाच शिबिर घेऊन काम संपविले नाही. पुनःपुन्हा शिकविणे, कामावर जाऊन पाहणे आणि चुकले ते न रागावता दाखविणे, हे त्यांचे मर्म होय.

सरकारनेही या दिशेने पावले टाकली आहेत. एएनएम व स्टाफ नर्स यांना कुशल प्रसूतीसाठी २१ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मगच तिला पुढे पाठविण्याची मुभा नर्सबाईला आहे. परिचारिकेला आपली नोंदणी मुदतीने नवी करावी लागते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा त्याने घ्यावयाची आहे.

कागदावरची कॉलेजे

अप्रिय परंतु आवश्यक असा एक विषय टाळता येत नाही. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजे झपाट्याने वाढली. त्यांतील अनेकांजवळ इमारत, शिक्षक वा रुग्णालय नसल्याच्या तक्रारी जबलपूरच्या उच्च न्यायालयापुढे गेल्या व न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडून तपास करविला. पुष्कळ कॉलेजे अपात्र वा उणिवा असलेली आढळली. २०२४ साली तर तपास करणाऱ्यांपैकीच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि पात्र ठरलेल्या कॉलेजांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला. या काळात परीक्षा रखडल्या आणि निरपराध मुलींची वर्षे वाया गेली.

शेत गहाण ठेवून फी भरणाऱ्या बापाचे यात नुकसान आहेच. पण त्याहून मोठे नुकसान उद्याच्या बाळंतिणीचे आहे. जिने वॉर्ड पाहिला नाही, ती मुलगी प्रमाणपत्र घेऊन तिच्या खाटेशी उभी राहील. म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी पुढील गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात :

१. कॉलेजला त्या चालू वर्षाची मान्यता आहे काय? गेल्या वर्षीचा कागद चालत नाही.
२. मुली काम शिकणार ते रुग्णालय कोणते? पदवी व डिप्लोमासाठी १०० खाटांचे रुग्णालय असावे असा परिषदेचा दंडक होता. खाटा मोजाव्यात आणि खाटांवर रुग्ण आहेत काय तेही पाहावे.
३. शिक्षिका रोज येतात काय? हे कार्यालयात न विचारता तेथील मुलींना विचारावे.
४. वरच्या वर्गातील मुलीची प्रात्यक्षिकांची वही पाहावी. तिने स्वतः किती बाळंतपणे केली, हे तीत लिहिलेले असते.
५. ‘हजेरीची गरज नाही’ असे जेथे सांगतात तेथून तत्काळ परत फिरावे.

न्यासाने काय करावे

आमच्या मते न्यासाने शिष्यवृत्ती देताना रक्कम कॉलेजच्या नावाकडे पाहून देऊ नये. वरील पाच गोष्टी एखाद्या सभासदाने प्रत्यक्ष पाहून आल्यावरच द्यावी. दुसरे असे की, शिष्यवृत्ती केवळ पहिल्या प्रवेशासाठी नसावी. नोकरीत असलेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिकसाठी वा प्रसविकेच्या शिक्षणासाठी रजा घ्यावी लागते, घरापासून दूर राहावे लागते. त्या काळात तिला मदत करणे हे नव्या मुलीला मदत करण्याइतकेच पुण्याचे काम आहे. तिसरे, कोरकू घरांतील मुलींना या मदतीत अग्रक्रम असावा. कळा देणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत बोलणारी नर्स असेल, तर अर्धी भीती तेथेच सरते आणि बाई रुग्णालयात येण्यास तयार होते. न्यास एका समाजाचा असला तरी बाळंतपणाला जात नसते.

चौथी सूचना खर्चाची नाही. आपल्या गावच्या नर्सबाईला राहण्यास नीट खोली, रात्री हाक आल्यास सोबत आणि बोलण्यात मान मिळाला पाहिजे. रात्री-अपरात्री दार वाजवून एकेरीत बोलावयाचे आणि काही बिघडले की प्रथम तिच्यावरच धावून जावयाचे, ही रीत जेथे आहे तेथे शिकलेली बाई टिकत नाही. गावोगावच्या जुन्या सुइणींनाही तुच्छ लेखू नये. घराघरांतील विश्वास त्यांच्याजवळ आहे. बाईला वेळेवर रुग्णालयात आणण्याच्या कामी त्यांना बरोबर घ्यावे.

शेवटी घरच्या मंडळींसाठी. गरोदर वा बाळंत बाईला रक्त जाणे, डोके फार दुखून अंधारी येणे, तोंड-हात सुजणे, झटके, ताप, कळांशिवाय पाणी जाणे किंवा कळा सुरू होऊन बारा तास लोटणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोणाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. परिचारिका कितीही शिकलेली असली तरी बाई तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि ते काम घरच्यांचे आहे.

मंदिर बांधले, धर्मशाळा बांधली, विहीर खोदली, तर तिच्यावर देणाऱ्याचे नाव कोरता येते. शिकलेल्या हातावर तसे नाव कोरता येत नाही. तरीही त्या हाताने वाचविलेली आई घरी परत येते, मुलाला वाढविते, आणि ते घर उभे राहते. पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत न्यासाच्या मदतीने तयार झालेल्या परिचारिकांनीच आपल्या कामाचा वृत्तांत लिहावा, अशी आम्ही इच्छा करतो. आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाने या वर्षी आपल्या ओळखीच्या एका तरी मुलीच्या शिक्षणाची चौकशी स्वतः जाऊन करावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.